पिनकोडाच्या फांद्या आणि संगणकाचा पत्ता

शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीची जाहिरात ही सारी कामे आता संगणकावर आणि मोबाईलवर आली आहेत. अर्ज भरता भरता पडद्यावर एकदम ‘४०४’ असा आकडा येतो आणि घरातली मुले घाबरतात. मुदत संपली काय, आपलेच काही चुकले काय, असे त्यांना वाटते. हा आकडा कुठून येतो हे समजायचे तर संगणक आपली मागणी नेमक्या पानापर्यंत कशी पोचवतो ते पाहिले पाहिजे. त्यासाठी जाड इंग्रजी पुस्तक नको. घरी आलेल्या पत्रावरचा पिनकोड पुरे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते केंद्रीय दळणवळण खात्यात होते आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषा, निरनिराळी अक्षरे; यातून वाट काढण्यासाठी सहा आकड्यांची ही युक्ती झाली.

साताऱ्याचा पिन ४१५००१. पहिला ४ वाचला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढाच भाग उरतो; बाकीचा देश बाजूला पडतो. पुढे ४१ च्या फांदीवर ४११ पुण्याकडे, ४१३ सोलापूरकडे, ४१५ साताऱ्याकडे, ४१६ कोल्हापूरकडे. शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय सांगतात. खोड, फांदी, डहाळी, पान असा हा प्रवास. संगणकशास्त्रात अशा मांडणीला ‘ट्री’ म्हणजे वृक्षरचना म्हणतात.

याचा फायदा हिशोबाने पाहा. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. सरळ यादीत एक पिन शोधायचा तर १९ हजार ओळी चाळायची वेळ येऊ शकते. झाडावर मात्र सहाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर फार तर दहा फांद्या. उद्या पिनकोड दुप्पट झाले तरी पायऱ्या सहाच राहतील. शोधाचे कष्ट पत्त्याच्या लांबीवर ठरतात, पत्ते किती आहेत यावर नाही. या रचनेचे हेच मर्म आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. सांगलीचा पिन ४१६४१६ आणि मिरजेचा ४१६४१०, म्हणजे कोल्हापूरच्या फांदीवर. पण त्याच सांगली जिल्ह्यातील विटा ४१५३११ आणि शिराळा ४१५४०८, म्हणजे साताऱ्याच्या फांदीवर! सातारा जिल्ह्यातील वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६ तर पुण्याकडच्या ४१२ वर. यात चूक काही नाही. हे झाड टपालाच्या वाटपासाठी लावलेले आहे, जिल्ह्याची हद्द दाखवण्यासाठी नव्हे. म्हणून ‘आपला जिल्हा सांगली, मग पिन ४१६ नेच सुरू होणार’ असा अंदाज बांधून अर्ज भरू नये. पिन नक्की माहीत करून घ्यावा.

आता संगणकाकडे वळू. वेबसाइटच्या पत्त्यात तिरक्या रेघा असतात. समजा पत्ता आहे ‘विद्यार्थी/अर्ज/नवीन’. प्रत्येक रेघ म्हणजे एक फाटा. मागणी आली की ‘राउटर’ नावाचा प्रोग्राम आधी ‘विद्यार्थी’ फांदी धरतो, मग ‘अर्ज’, मग ‘नवीन’. आणि त्या पानावर नेमलेले काम चालू करतो. काही फांद्यांवर ठरावीक शब्द नसून कोणताही अर्ज क्रमांक चालतो. तिथे शहाणा राउटर ठरावीक शब्द आधी पाहतो आणि मोकळी फांदी नंतर. तसे केले नाही, तर ‘नवीन’ हाच कोणाचा तरी अर्ज क्रमांक समजला जाईल.

पत्रावर पिन चुकला तर टपालातला माणूस गावाचे नाव वाचून पत्र वळते करू शकतो. उशीर होतो, पण पत्र पोचते. राउटरला तशी समज नसते. एक अक्षर चुकले तरी फांदी सापडत नाही आणि तो ‘४०४’ म्हणजे ‘असे पान नाही’ एवढेच सांगतो. योजना बंद झाली, अर्ज नाकारला, असा त्याचा अर्थ नाही. अशा वेळी पत्ता अक्षर अक्षर तपासावा. तरी जमले नाही तर शेवटचा तुकडा पुसून एक फांदी मागे यावे, नाहीतर थेट खोडाशी म्हणजे मुखपृष्ठावर जाऊन पुन्हा वाट धरावी.

या आकड्यांतही पहिल्या अंकाला अर्थ आहे. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे मागणी जशी पोचली तशी मान्य झाली नाही. ४०१ म्हणजे आधी आपली ओळख पटवा, ४०३ म्हणजे इथे परवानगी नाही. ५ ने सुरू होणारा आकडा, जसे ५०० किंवा ५०३, म्हणजे बिघाड किंवा अडचण पलीकडच्या यंत्रणेत आहे. तेव्हा मुलांनी स्वतःला दोष देऊ नये आणि पालकांनीही रागावू नये. पडद्याचा फोटो काढावा, तारीख व वेळ टिपून ठेवावी आणि संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे. मुदतीचा वाद झाला तर हा पुरावा हाती राहतो.

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी या रविवारी एक करावे. नातेवाइकांच्या दहा गावांचे पिनकोड गोळा करावेत आणि कागदावर त्यांचे झाड काढावे. सारखे आकडे एकाच फांदीवर, वेगळा आकडा आला की नवी फांदी. हे हाताने जमले की पुढे प्रोग्राम लिहिणे अवघड राहत नाही. आणि घरातल्या थोरांनी शेजारी बसून विचारावे, ‘आपले गाव कुठल्या फांदीवर आहे?’