हातब्रेकची तार

मोटारीला दोन ब्रेक असतात. एक पायाचा आणि एक हाताचा. सगळा मान पायाच्या ब्रेकला. गाडी शिकवणारा पहिल्या दिवशी त्याच्यावरच पाय ठेवायला लावतो. शेजारी बसलेले माणूस घाबरले की आपल्या बाजूला नसलेला ब्रेक तेही पायाने दाबू लागते. अपघात टळला की श्रेयही त्यालाच. हाताचा ब्रेक बिचारा दोन आसनांच्या मधे आडवा पडलेला असतो. प्रवास संपला, किल्ली काढली, पिशवी उचलली आणि जाता जाता त्याला वर ओढले, एवढाच त्याचा आणि आपला संबंध.

मी मराठीचा मास्तर. मला या दोघांत विरामचिन्हे दिसतात. पायाचा ब्रेक म्हणजे स्वल्पविराम. वाक्य पुढे चालू राहायचे असते. हाताचा ब्रेक म्हणजे पूर्णविराम. तो दिला की लिहिणारा उठून जातो, आणि त्याच्या माघारी वाक्याने जागच्या जागी राहायचे असते.

हा ‘माघारी’ शब्द महत्त्वाचा. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १२६ वे कलम आहे. त्याचा आशय असा, की चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा असा दुसरा उपाय केलेला असावा, की चालकाच्या गैरहजेरीत गाडी आपोआप चालू पडणार नाही. कायद्याची भाषा एरवी रुक्ष; पण हे कलम वाचताना एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्याने ‘जाताना दार नीट लावून घ्या रे’ म्हणावे तसे वाटते. तुम्ही गाडीत असताना काय करता याची काळजी करणारी कलमे पुष्कळ आहेत. हे कलम तुम्ही नसताना काय होईल याची काळजी करते.

आता हा पूर्णविराम चालतो कसा? जुन्या गाड्यांत त्याची सारी मदार एका तारेवर असते. पायाच्या ब्रेकचा जोर तेलाच्या दाबाने नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. हाताच्या ब्रेकची वाट निराळी ठेवलेली आहे, म्हणजे तेल गळून गेले तरी हा शाबूत राहावा. दांडा वर ओढला की दात्यांवरून टकटक आवाज होतो. प्रत्येक टक म्हणजे कुत्रे एक दात पुढे सरकून अडकले. दांड्याच्या बुडाशी तार बांधलेली असते. ती गाडीच्या पोटाखालून वळणे घेत मागच्या चाकांच्या ड्रममधे शिरते, तिथली एक लहानशी तरफ ओढते, आणि तरफ दोन्ही ब्रेकशूंना ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबून धरते.

मौज अशी, की नुसती दोरी वळणावरून ओढली तर ती वळण सोडून सरळ व्हायला बघते. मग ही तार वाकड्या वाटेने ओढ पोचवते कशी? तिच्याभोवती घट्ट वेटोळ्यांचे पोलादी आवरण असते, आणि त्या आवरणाची दोन्ही टोके जागेवर पक्की असतात. आवरण वाकते, पण दबून आखूड होत नाही. म्हणून आतली तार ओढली की ओढ जशीच्या तशी दुसऱ्या टोकाला जाते. सायकलच्या ब्रेकलाही हीच तार. अर्नेस्ट माँनिंग्टन बाउडेन नावाच्या गृहस्थांना १८९६ साली या युक्तीचे ब्रिटिश पेटंट मिळाले, आणि कारागीर आजही तिला बाउडेन केबल म्हणतात.

या तारेचा वैरी म्हणजे पाणी. आणि मी राहतो रत्नागिरीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि उरलेले आठ महिने समुद्राचा खारा वारा. आवरणावर रबराचा किंवा प्लास्टिकचा पापुद्रा असतो. वर्षानुवर्षे खडे उडून तो कुठे तरी फाटतो, तिथून पाणी आत जाते आणि तार आतल्या आत गंजते. मग दोनपैकी एक गोष्ट होते. कधी तार आवरणात अडकून बसते. दांडा खाली गेला तरी शू सुटत नाहीत, चाक घासत राहते आणि ड्रम तापतो. कधी तारेचे पदर एकेक करून तुटतात, दांडा वर वर येत जातो आणि शेवटी नुसता हातात येतो. पहिल्या दुखण्याला निदान जळका वास तरी येतो. दुसरे मुक्याने वाढते.

आमची गाडी १९९७ ची मारुती ८००. हे मॉडेल १९८३ साली रस्त्यावर आले आणि २०१४ साली बनायचे थांबले. पण आमची अजून बनल्यासारखीच चालते. ती मुख्यतः चालवते आमची सौ. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा चढावर. गाडी लावायला जागा आहे ती रस्त्याच्या कडेला, उतारावर, आणि उताराच्या तळाशी शाळेचे पटांगण. मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीची मुले तिथे लगोरी खेळत असतात. गेल्या पावसाळ्यात दांडा चार टकटकींऐवजी दहावर जाऊ लागला, तेव्हा तिने एक चांगला चौकोनी जांभा दगड शोधला आणि डिकीत ठेवून दिला. रोज सकाळी भर पावसात उतरायचे, दगड चाकाखाली लावायचा, मग शाळा. संध्याकाळी दगड काढायचा, मग घर. गॅरेजवाल्याला दाखवले तर तो म्हणाला, “बाई, गाडी गिअरमधे टाका नि दगड लावा. काय व्हायचा नाय. जुन्या गाडीत कशाला पैसे घालता?”

गिअरचा सल्ला खोटा नव्हता. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवलेली. ही सवय चांगलीच. पण गिअरमधली गाडी इंजिनाच्या दाबावर तोलून राहते, आणि जुन्या इंजिनात तो दाब हळूहळू गळतो. गिअर हा जामीन आहे. मूळ कर्जदार नव्हे. “मुलांची नावे मला पाठ आहेत हो,” एवढेच ही एके रात्री म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. डाव्या आणि उजव्या चाकाची अशा दोन तारा त्याने कोल्हापूरहून एस.टी.च्या पार्सलने मागवून दिल्या.

दिवाळीची सुट्टी लागली तसा अंगणातल्या सपाट फरशीवर मी कामाला बसलो. या कामात पहिलाच पेच मोठा गमतीचा आहे: गाडी उचलायची मागून, आणि हातब्रेक लागतो तो मागच्याच चाकांना. म्हणजे जो ब्रेक दुरुस्त करायचा, त्याचा या कामात काडीचा उपयोग नाही. आमच्या गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवते. तेव्हा पहिला गिअर टाकून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावल्या. चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक, आणि जॅकनंतर दोन लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चवडीवर उभ्या गाडीखाली डोके घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. आणि वीट न सांगता फुटते.

दांडा खाली सोडून, त्याच्यावरचे झाकण काढून तारांचे नट पूर्ण सैल केले; तार ताणलेली असेल तर शू ड्रमला सोडत नाहीत. नंतर ड्रम. मधली टोपी, तिच्याखालची स्प्लिट पिन, मग मुकुटासारख्या खाचांचा नट. ड्रम गंजून बसला होता. गॅरेजवाल्याने, जुन्या गाडीत पैसे न घालण्याचा सल्ला देऊनही, आपला पुलर मात्र प्रेमाने दिला. “सर, सरळ ओढा, वाकडा नको,” एवढीच त्याची अट. आतली काळी भुकटी फुंकून उडवायची नाही हे मी कटाक्षाने पाळले. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि तो फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने सगळे टिपून घेतले.

धाकटी दहावीत आहे. तिच्याकडे विजेरी धरण्याचे काम होते. शू, स्प्रिंगा, तरफ ही सारी भावकी एकमेकांत अशी गुंतलेली असते, की एकदा सुटली की कोण कोणाचा हे कळू नये. तिने सुटण्याआधीच फोनवर चार बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली. शिवाय एका वेळी एकच चाक उघडायचे, म्हणजे अडले तर दुसरे चाक नमुन्याला असते. हा जुना धडा आम्ही सोडला नाही. तरफेच्या आकड्यातून तारेचे टोक काढले, मागच्या पत्र्यातून आवरण सोडवले आणि पोटाखालच्या पट्ट्या उघडत उघडत तार बाहेर ओढली.

ती फरशीवर ठेवून आम्ही दोघे पाहत राहिलो. चाकाजवळ, जिथे ती ड्रमकडे वळते, तिथे पापुद्रा वीतभर फाटला होता. आवरण वाकवताच लाल भुकटी गळली. आत तारेचे बहुतेक पदर तुटून पिंजारले होते, आणि दोन पदर तेवढे शाबूत होते. “बाबा, एवढ्यावर?” धाकटीने विचारले. एवढ्यावर, आणि एका दगडावर.

नवी तार जुनीशेजारी ठेवून लांबी आणि टोके मोजून घेतली. डावी-उजवी पाहून घेतली. बसवताना ती जुन्याच वाटेने, जुन्याच पट्ट्यांतून नेली. सायलेन्सरच्या नळीला टेकेल असे किंवा फार काटकोनी वळण तिला देऊ नये. तरफेच्या सांध्याला बोटभर ग्रीस. लायनरला मात्र ग्रीसचा वाससुद्धा नाही. मुकुटाचा नट पुस्तिकेत सांगितला तितका आवळून नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्यात वाचतात ते चार आणे, आणि पणाला लागते ते चाक.

मग ताण. इथे घाई करणारे नट आवळायला धावतात. खरा क्रम असा, की आधी पायाचा ब्रेक दहा-वीस वेळा दाबून शू ड्रमजवळ आणायचे, आणि मग तार जुळवायची. झिजलेल्या शूंची उणीव तार आवळून भरून काढणे म्हणजे पाया खचलेल्या भिंतीला रंग देणे. नवी तार थोडी ताण धरते, म्हणून दांडा जोराने आठ-दहा वेळा ओढून सोडला आणि पुन्हा जुळवले. धाकटी मोठ्याने टकटकी मोजत होती. दांडा खाली असता दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली, वर असता दोन्ही सारखीच जखडली. दोन्ही बाजू सारख्या, हे पाहिल्याशिवाय उठायचे नाही.

संध्याकाळी घराजवळच्या हलक्या उतारावर परीक्षा झाली. पुढे-मागे कोणी नाही हे पाहिले. सौ. चालकाच्या जागेवर, पाय ब्रेकजवळ तयार, गिअर न्यूट्रल. तिने दांडा ओढला, पाचव्या टकेला थांबली, आणि पाय उचलला. गाडी हलली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला ते दृश्य पाहण्याजोगे वाटले नसते. एक जुनी गाडी उभी होती, इतकेच. पण काही न घडणे हेच ज्या वस्तूचे काम, तिचे यश असेच दिसायचे. आताशा नव्या गाड्यांत दांडा नाही, बटण असते. दाबले की मोटर ब्रेक लावते. सोय मोठी. पण आमच्या दांड्याच्या शेवटी काय बांधलेले आहे, हे आता घरात तिघांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुट्टी संपली, शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी सहज डिकी उघडली तर दगड जागेवरच. “अगं, हा अजून कशाला?” मी म्हटले. “राहू दे,” ती म्हणाली. “तुमच्या तारेवर विश्वास आहे. पण पटांगण खाली आहे.” कायद्यातला ‘किंवा’ तिने ‘आणि’ करून घेतला होता. व्याकरणाच्या मास्तराला यात दुरुस्ती सुचवता आली नाही.