कायदा झाला, पण प्रश्न मिटला नाही



‘ऑनलाइन जुगारावर बंदी आली, आता विद्यार्थ्यांची काळजी मिटली’ या आशयाचे पत्र वाचले. पत्रलेखकांची कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही.

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, हे उत्तमच झाले. पण परदेशी बेटिंग साइटच्या लिंक मोबाइलवर येतच राहतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने परीक्षा शुल्काचे पैसे असेच घालवले. ते भरून काढायला मित्रांकडून उसने घेतले, मग ॲपवरून कर्ज काढले आणि हप्ता फेडायला पुन्हा डाव लावला. हरलेले परत मिळवण्याची ही ओढ व्यसनाचे ठळक लक्षण आहे.

‘मुलांना शिस्त नाही’ हा पत्रातला ठपकाही चुकीचा आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्येच जुगाराच्या व्यसनाला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवले. नुसते दटावून ते सुटत नाही.

नव्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. महाविद्यालयांनी हे प्रवेशाच्या वेळीच सांगावे, म्हणजे मुले वेळेत तोंड उघडतील. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सूचना फलकावर लावावा. पालकांनीही कर्ज गुपचूप फेडून विषय संपवू नये. मुलाला आधी समुपदेशकाकडे न्यावे.

– एक प्राध्यापिका, सांगली