‘पितामह’ म्हणायचं आणि हातात काम द्यायचं नाही!

२०२५च्या जानेवारीत ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा जुना अॅनिमेशनपट आपल्याकडच्या थिएटरांत लागला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज फिरायला लागले, ‘बघा, जे आपल्याला जमलं नाही ते जपान्यांनी करून दाखवलं!’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

थांबा जरा. ‘आपल्याला जमलं नाही’ हे साफ खोटं आहे. आपण जमू दिलं नाही.

त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांत युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर तिसरं नाव आहे राम मोहन. आपला माणूस, मुंबईत हयात घालवलेला. त्या मेसेजमध्ये हे नाव कुठेच नव्हतं. मी ग्रुपवर विचारलं, हे कोण ठाऊक आहे का? दीडशे लोकांच्या ग्रुपवर एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

राम मोहन यांचा जन्म १९३१चा, शिक्षण मद्रास विद्यापीठात. १९५६ साली ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. तेव्हा अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स इथे शिकवायला आले होते. त्यांच्या हाताखाली ही पहिली तुकडी तयार झाली आणि १९५७ साली जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ निघाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर दहाच वर्षांत या देशात सरकारी पगारावर चित्रं हलवणारी माणसं होती. आज हे सांगितलं तर लोकांना थाप वाटते.

१९६८ला त्यांनी ती नोकरी सोडली, १९७२ला स्वतःचा स्टुडिओ काढला. पुढे काय केलं? मिळेल ते केलं. जाहिराती केल्या, माहितीपट केले, दुसऱ्यांच्या सिनेमातले तुकडे केले. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये, सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये जे अॅनिमेशन आहे ते त्यांचं. राय आणि सेन यांना ज्याच्यावर विश्वास टाकावासा वाटला, त्या माणसाला पूर्ण लांबीचा स्वतःचा सिनेमा द्यावा असं इथल्या एकाही निर्मात्याला, एकाही सरकारी खात्याला वाटलं नाही.

आता हिशेब मांडू. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. तो रामायणपट आहे साधारण १३५ मिनिटांचा. म्हणजे पडद्यावर एकच पात्र आहे असं धरलं तरी ९७ हजारांच्या वर चित्रं झाली. त्यावर सुमारे ४५० कलाकार राबले. हे काम कुणी नोकरी सांभाळून रात्री जागून करू शकत नाही. त्याला वर्षानुवर्षं पगार देणारं कुणीतरी पाठीशी लागतं.

ते कोण उभं राहिलं? साको. हा जपानी गृहस्थ १९८३ साली भारतात रामायणाच्या उत्खननावर माहितीपट करायला आला आणि कथेच्या प्रेमातच पडला. त्याला संयुक्त निर्मिती हवी होती. आपल्याकडून उत्तर काय गेलं? विषय संवेदनशील आहे, राम कार्टूनमध्ये कसा दाखवणार! झालं. काम जपानला गेलं. धोतर कसं नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे तिथल्या चित्रकारांना आपल्या लोकांनी जाऊन शिकवलं. ज्ञान आपलं, गोष्ट आपली, दिग्दर्शकांत माणूस आपला, फक्त हिंमत आणि पैसा त्यांचा. आणि तीस वर्षांनी आपणच हात जोडून म्हणतोय, वा जपान!

दुसरं उदाहरण ‘मीना’चं. शाळेत जायला धडपडणारी मुलगी, भाऊ राजू, पोपट मिठू. नव्वदच्या दशकात दक्षिण आशियातल्या लाखो पोरांनी ती पाहिली. तिला पडद्यावर आणणारेही राम मोहनच. पैसा कुणाचा? युनिसेफचा.

म्हणजे शिकवायला अमेरिका, रामायण करायला जपान, मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सांगायला संयुक्त राष्ट्रं. आणि आपण काय दिलं? ‘भारतीय अॅनिमेशनचे पितामह’ ही पदवी, आणि २०१४ साली पद्मश्री. तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

‘सरकारने कशाला करायचं? बाजार करेल की! महावतार नरसिंह नाही का चालला?’ असं म्हणणारे येतीलच. चालला, आनंद आहे. पण बाजार चाललेल्याला पैसा देतो, चालायला शिकणाऱ्याला नाही. आणि ज्या ‘एक अनेक और एकता’ची क्लिप तुम्ही दरवर्षी भावुक होऊन पाठवता, ती १९७४ची फिल्म फिल्म्स डिव्हिजनची आहे. विजया मुळे, भीमसेन, संगीताला वसंत देसाई. सरकारी पैशातून झालेलं काम आहे ते. बाजाराने आजवर तसं दुसरं एक दिलंय का सांगा.

हीच फिल्म्स डिव्हिजन २०२२ला एनएफडीसीत विलीन झाली. त्याच वर्षीच्या केंद्रीय बजेटमध्ये अॅनिमेशनसाठी टास्क फोर्स जाहीर झाला. २०२५ला पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्याच जुन्या आवारात, नवी संस्था सुरू झाली. चांगलंच आहे. पण सगळा जोर कशावर? कौशल्यावर, रोजगारावर, परदेशी कामावर. थोडक्यात, हात तयार करण्यावर.

माझी भाची असाच एक तयार हात आहे. लाखांत फी भरून कोर्स केला. आता रात्रपाळीला बसून परदेशी सिनेमातल्या नटांच्या पाठीच्या तारा एकेक फ्रेममधून पुसते. तिच्या वहीत कोकणातल्या आजीची एक अख्खी गोष्ट काढून पडलीय. मी विचारलं, हे कधी करणार? म्हणाली, ‘मामा, सात मिनिटांची फिल्म आहे. दोन वर्षं घरभाडं कोण भरेल?’

आहे कुणाकडे उत्तर? मराठी सिनेमाला राज्य सरकार अनुदान देतं, पण कधी? सिनेमा पूर्ण होऊन त्याचं परीक्षण झाल्यावर. ज्याची पहिली दोन वर्षं नुसती चित्रं काढण्यातच जातात, त्याला हे अनुदान म्हणजे जेवण झाल्यावर पाट मांडणं.

मागणं फार नाही. अॅनिमेशनसाठी अनुदानाचा वेगळा गट करा आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या : पटकथेला, स्टोरीबोर्डला, मग चित्रांना. दरवर्षी निदान दहा छोट्या मराठी फिल्म नव्या दिग्दर्शकांना सोपवा, आणि त्या झेडपीच्या शाळांत दाखवा. कार्टून विभागाचा सगळा जुना ठेवा नीट साफ करून लोकांसाठी मोफत खुला करा, प्रत्येक चित्रकाराच्या नावासकट.

संस्था काढून दिग्दर्शक होत नाहीत. दिग्दर्शक होतो तो दिग्दर्शन करून, आणि त्यासाठी त्याला काम द्यावं लागतं. राम मोहन यांना आपण हार दिले. या पोरांना तरी काम द्या.