खेळाडू गेला तर ‘गद्दार’, मालकाने दिला तर ‘व्यवहार’?

१५ नोव्हेंबर २०२५ रोजी चेन्नई सुपर किंग्जने रवींद्र जडेजाला राजस्थान रॉयल्सकडे देऊन टाकले. सोबत सॅम करनलाही दिले आणि बदल्यात संजू सॅमसनला घेतले. २०१२ पासून जो माणूस चेन्नईचा म्हणून ओळखला गेला, २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून ज्याने चषक जिंकून दिला, त्याची रक्कम या अदलाबदलीत १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. साताऱ्या-सांगलीकडे चेन्नईचे चाहते काही कमी नाहीत. त्या आठवड्यात आमच्या वस्त्यांमधल्या पोरांच्या मोबाइलवर दोनच प्रकारचे स्टेटस दिसत होते. एक, रडणारा. दुसरा, “पैशासाठी गेला” असे म्हणणारा.

रडणाऱ्याशी आमचे भांडण नाही. ज्याचा खेळ पाहत आपण मोठे झालो तो दुसऱ्या रंगाच्या कपड्यात दिसला की पोटात कालवते, यात लाजण्यासारखे काही नाही. आमचा आक्षेप दुसऱ्या स्टेटसला आहे. ज्याला दिले त्यालाच गेला म्हणायचे आणि ज्याने दिले त्याच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही सवय कुठून आली याची चिकित्सा झाली पाहिजे. कारण ही सवय क्रिकेटपुरती नाही.

मुंबई इंडियन्सचे उदाहरण घ्या. हार्दिक पांड्याला मुंबईने २०१५ साली १० लाखांत घेतले. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी चारच खेळाडू राखता येत होते. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना ठेवले व हार्दिकला सोडले. तेव्हा कुणी मालकाच्या नावाने बोटे मोडली नाहीत. “धंदा आहे, चालायचेच,” असे सगळे म्हणाले. हार्दिक गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी त्याने विजेतेपद मिळवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला १५ कोटींत परत आणले आणि १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले. रोहितने २०१३ पासून मुंबईला पाच विजेतेपदे दिलेली. चाहत्यांचा संताप होणे स्वाभाविक होते.

पण तो संताप कुणावर निघाला? २४ मार्च २०२४ ला अहमदाबादच्या प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली, कारण तो सोडून गेला. १ एप्रिलला वानखेडेवर मुंबईच्या प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडवली, कारण तो आला. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावे लागले. कर्णधार बदलण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते त्याच मैदानात, वरच्या चांगल्या जागेवर बसून सामना पाहत असतात. त्यांच्याकडे तोंड करून एकही शिटी वाजत नाही. पुढे २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचे शेवटचे षटक याच हार्दिकने टाकले आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. जमावाची गरज बदलली होती.

हा नुसता पोरखेळ आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. त्याच मार्च महिन्यात, आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुंबईचा सामना चालू असताना रोहित बाद झाला, त्यावरून चेष्टा झाली, चेष्टेवरून मारहाण झाली आणि साठी ओलांडलेल्या एका माणसाचा जीव गेला. मरणारा आणि मारणारे एकाच गावचे. ज्यांच्या संघांसाठी हे घडले त्या मालकांना त्या गावाचे नावही ठाऊक नसेल.

आता प्रश्न मालकीचा. आयपीएलच्या अदलाबदलीत खेळाडूची संमती लागते, हे खरे. पण मालकाने सोडल्याशिवाय खेळाडूला जाता येत नाही, हेही तितकेच खरे. जडेजाचीच गोष्ट पाहा. २००८ आणि २००९ मध्ये तो राजस्थानकडून खेळला. नंतर त्याने नवा करार न करता दुसऱ्या संघाशी स्वतः बोलणी करण्याचा प्रयत्न केला, म्हणून २०१० च्या हंगामात त्याच्यावर बंदी आली. त्याचे एक वर्ष गेले. २०२५ मध्ये मात्र मालकांनी आपसात बोलणी केली आणि त्याला त्याच राजस्थानकडे पाठवले. हा झाला व्यवहार, याचे अभिनंदनाचे संदेश निघाले. खेळाडूने मालक बदलायचा प्रयत्न केला तर गुन्हा, मालकाने खेळाडू बदलला तर धोरण. करार आहे, शिस्त लागते, असे कुणी म्हणेल. म्हणो. मग ती शिस्त दोन्ही बाजूंना सारखी का नाही, एवढेच आम्ही विचारतो.

आमच्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. मालक सोडून जाण्याचा हक्क नसणे म्हणजे काय, हे आमच्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. महारकी वतन म्हणजे गावाने आणि सरकारने कधीही हाक मारावी आणि महाराने जावे. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी नेता येई. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते, तेही गावाच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ही वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. १९३८ मध्ये संपाला गुन्हा ठरवू पाहणारे औद्योगिक विवाद विधेयक आले, तेव्हाही बाबासाहेबांचा युक्तिवाद हाच होता: माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे, आणि काम नाकारण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे. त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला तो ७ नोव्हेंबरला. १९०० साली याच तारखेला सातारच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले होते. आम्ही दरवर्षी विद्यार्थी दिन म्हणून ती तारीख साजरी करतो. संपाची आठवण मात्र त्या दिवशी फारशी कुणी काढत नाही.

कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूची तुलना वतनदार महाराशी करता का, असा आक्षेप येईल. नाही, करत नाही. जडेजाला आमच्या कळवळ्याची गरज नाही. आम्ही तपासतो आहोत ते बघणाऱ्याचे मन. कराड, वाळवा, कोरेगाव भागातल्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने आधीच उचल दिलेली असते. हंगाम संपताना ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. दुसऱ्या मुकादमाकडे जायचे तर तो पहिल्याची बाकी चुकती करतो आणि ती जोडप्याच्या नावावर चढते. एखादे जोडपे त्रासाला कंटाळून मध्येच निघून गेले की गावातला माणूस काय म्हणतो? “उचल घेऊन पळाले.” मुकादमाने हिशेब कसा लावला, असे किती जण विचारतात? हुर्यो उडवणारा चाहता आणि हा गावकरी एकाच शाळेत शिकले आहेत. निष्ठा नेहमी खालच्याने दाखवायची, वरच्याला ती लागू नाही, हा त्या शाळेतला पहिला धडा. जातिव्यवस्थेनेच तो गिरवून घेतला आहे.

“पण पूर्वी बरे होते, खेळाडू आपल्या मातीशी इमान राखत होते,” असेही काही जण म्हणतात. पूर्वी काय होते ते सांगलीकरांनी तरी विसरू नये. विजय हजारे सांगलीचे, जन्म १९१५. त्या काळी मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतर’ नावाच्या संघात. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. संघ बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो जन्माने ठरलेला होता. अशा इमानाचे गोडवे आम्ही गाऊ शकत नाही. आज सांगलीत वाढलेली स्मृती मानधना बंगळुरूची कर्णधार म्हणून मार्च २०२४ मध्ये चषक उंचावते आणि सांगलीच्या मुली बंगळुरूचा लाल सदरा घालून नाचतात, हे आम्हाला त्या जन्मजात संघापेक्षा शतपटीने बरे वाटते.

आणि खुद्द आपल्या माणसाचे काय? पालवणकर बाळू हे त्यांच्या काळातले देशातले अव्वल फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. चांभार म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. कर्णधारपदाच्या अन्यायाविरुद्ध १९२० साली त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पण पुणे करारावर बाळूंची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी पडले. आमच्या दृष्टीने यापेक्षा मोठी ‘अदलाबदल’ कोणती? तरीही बाळूंचा खेळ आम्ही नाकारत नाही. त्यांच्या राजकारणाला विरोध करतो, तो युक्तिवादाने. त्यांना पुढे करून बाबासाहेबांसमोर उभे करणाऱ्या काँग्रेसचा हिशेबही विचारतो. विवेकाने माणूस तपासायचा तो असा.

हे लिहिण्याचे खरे कारण इथे आहे. आपल्या चळवळीत कार्यकर्त्याने एक गट सोडून दुसरा धरला की दुसऱ्या दिवशी तो गद्दार, विकला गेलेला. त्याला त्या गटात कुणी विचारत होते का, बैठकीत बोलू देत होते का, नेत्याने जागावाटपात त्याला न विचारता कुणाच्या पदरात टाकले होते का, हे कुणी पाहत नाही. नेता सकाळी एका पक्षाशी आणि संध्याकाळी दुसऱ्याशी युती करतो, ती मात्र ‘रणनीती’. फरक आम्हालाही कळतो. लोकांच्या मतांवर निवडून आलेला माणूस परस्पर दुसरीकडे गेला तर तो आपली ठेव घेऊन गेला आहे, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण ज्याने आपले काहीच नेले नाही, फक्त आपली अपेक्षा मोडली, त्याला गद्दार म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला होता. भक्त फक्त देवाच्या पाया पडत नाही, देव बदलला की जुन्यावर दगडही तोच मारतो.

तेव्हा आमच्या तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे. जडेजा गेला म्हणून वाईट वाटून घ्या, खुशाल राजस्थानचे सामने बघा किंवा चेन्नईलाच धरून राहा. फक्त शिटी वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा: हा निर्णय कुणी घेतला? जाणाऱ्याला नाही म्हणता आले असते का? आणि राहा म्हणणाऱ्याने त्याला राहण्यासारखे काय दिले होते? हेच तीन प्रश्न कारखान्याच्या काट्यावर, ठेकेदाराच्या दारात आणि आपल्या संघटनेच्या बैठकीतही विचारता येतात. उत्तर मिळाले की हुर्यो कुणाची उडवायची ते आपोआप कळेल.

जय भीम!