बॅग हरवली? कायद्याच्या नजरेत तिची किंमत मार्गावर ठरते

चेक-इन केलेली बॅग हरवली तर भरपाई किती? नागपूर-मुंबई प्रवासात कमाल मर्यादा प्रति प्रवासी २०,००० रुपये. बॅगा दोन असल्या तरी तेवढीच. तीच बॅग दुबई-मुंबई प्रवासात हरवली, तर मॉन्ट्रियल करारानुसार मर्यादा १,५१९ ‘एसडीआर’, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक.

करारातील मर्यादेचा दर पाच वर्षांनी महागाईनुसार आढावा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये ती वाढली. देशांतर्गत प्रवाशालाही असा नियम का नसावा? साड्या, बूट, चार्जर महागतात ते सर्वांसाठीच.

शिवाय ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. नुकसान प्रवाशालाच दाखवावे लागते. म्हणून चेक-इनपूर्वी उघड्या बॅगेचा फोटो काढावा आणि टॅगची चिठ्ठी जपावी. बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीच्या काउंटरवर ‘पीआयआर’ म्हणजे तक्रार नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर २१ दिवसांत लेखी तक्रार हवी. २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर भरपाईचा दावा करता येतो. दाद न मिळाल्यास ‘एअरसेवा’ पोर्टल आणि ग्राहक आयोग आहेत.

मर्यादा वाढेपर्यंत दागिने, औषधे आणि मूळ कागदपत्रे हातातल्या बॅगेतच बरी.