इंटरनेटची वर्गणी आणि कंपनीची जबाबदारी

खेड्यांत इंटरनेट ही चैनीची बाब आहे, असें म्हणणारे गृहस्थ शहरांत अद्याप भेटतात. त्यांस इतकेंच सांगणें आहे कीं, ही चैन शेतकऱ्यानें मागितलेली नाहीं. ती त्याजवर आलेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाईलवरून करावी असें ठरलें. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर, पी. एम. किसानची ई-केवायसी इंटरनेटवर, बाजारभावही तेथेंच. ज्या वस्तूवांचून सरकारी काम अडतें ती चैन कशी म्हणावी? आणि तिचा व्यापार करणारांकडे हिशेब मागण्यास संकोच कां धरावा?

परंतु हिशेब कोणी देत नाहीं. आमच्या भागांत केबल व इंटरनेट पुरविणारी एकच कंपनी आहे. दुसरीकडे जाण्याची सोयच नाहीं. ती सहा महिन्यांची वर्गणी आगाऊ घेते व पावती मागितल्यास मेसेज येईल म्हणून सांगते. गेल्या पावसाळ्यांत रस्त्याच्या कामावरील जेसीबीनें तार तोडली आणि सेवा अकरा दिवस बंद राहिली. तक्रार केली असतां दूर कोठें बसलेली बाई हिंदींत सांगते कीं, आपल्या भागांत बिघाड मुळींच नाहीं, राउटर बंद करून पुन्हां चालू करावा! चौथ्या दिवशीं तक्रारीचें निवारण झाल्याचा मेसेज आला. तो मोबाईलला रेंज मिळते त्या टेकडीवर गेल्यावर आम्हांस वाचतां आला. त्या अकरा दिवसांची वर्गणी मात्र कोणी परत केली नाहीं.

वेगाविषयीं काय सांगावें? एका पाटावर मापाबाहेर क्षेत्र घेतलें म्हणजे पाणी कोणासच पुरत नाहीं. तसेंच एका तारेवर मापाबाहेर घरें जोडलीं म्हणजे सायंकाळीं सर्वांचेंच काम रेंगाळतें. जाहिरातींत "शंभर एमबीपीएसपर्यंत" असें असतें, आणि सर्व खुबी त्या "पर्यंत" शब्दांत आहे. पाटबंधारे खात्यानें पाणीपट्टी पुरी घेऊन "चार आवर्तनांपर्यंत" पाणी देऊं म्हटलें, तर आपण स्वस्थ बसूं काय?

कंपनीच्याही अडचणी आहेत, हें नाकारतां येत नाहीं. वारा-पाऊस आहे, विजेचा खेळखंडोबा आहे, आणि रस्ता खोदणारा ठेकेदार तार कोणाची हें विचारीत नाहीं. सरकारची जी योजना २०११ सालीं मंजूर झाली व २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाते, तिची तारही मुख्यतः ग्रामपंचायतीपर्यंतची. तेथून शेतकऱ्याच्या घराचें अंतर राहतेंच. तरी बंद दिवसांचे पैसे घेण्यास हें कारण पुरत नाहीं.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, एकेका ग्राहकाची तक्रार चालवीत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा, नंतर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावें. एवढ्यानें भागलें नाहीं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तेथें दाद मागतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं दिला. २०१९ च्या कायद्यान्वयें आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार दाखल करतां येते, आणि दिलेली रक्कम पांच लाखांच्या आंत असल्यास फी नाहीं.

एकट्यादुकट्यानें हें होणें कठीण. म्हणून आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या सभासदांनीं सेवा कोणत्या तारखेस बंद पडली, केव्हां सुरू झाली व तक्रारीचा क्रमांक काय, हें एका वहींत लिहून ठेवावें, आगाऊ वर्गणी एका महिन्यापेक्षां अधिक देऊं नये, आणि ती वही घेऊन पुढील सर्वसाधारण सभेस यावें.