खिडकीला नाडा नको, बिजागरी हवी

होस्टेलमध्ये एक राउंड मारा आणि किती खिडक्या बांधून ठेवल्या आहेत ते बघा. कुठे पायजम्याचा नाडा, कुठे कपडे वाळवायची नायलॉनची दोरी. मे महिन्यात वावटळ आली की पल्ला धाडकन आपटतो, आपण दोरीला अजून एक गाठ मारून झोपतो. पण एक दिवस पल्लाच खाली आला तर? त्या खिडकीखालूनच सगळे मेसला जातात!

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'हिंज' माहीत, बिजागरी नाही. यवतमाळच्या हार्डवेअरच्या दुकानात 'कब्जा' म्हटलं तर लवकर मिळते, ते असो.

आता थोडं मेकॅनिक्स. पल्ला १० किलोचा, ४५ सेंमी रुंद, दोन बिजागऱ्यांतलं अंतर ७५ सेंमी धरा. वजन मधोमध, म्हणजे बिजागरीपासून २२.५ सेंमीवर. मोमेंट घेतले की वरच्या बिजागरीवर ३ किलोची ओढ येते, खालची उलट चौकटीवर दाबली जाते. म्हणून आधी वरचेच स्क्रू सुटतात. पल्ला लोंबतो, कडीकडचा खालचा कोपरा घासतो आणि आपण म्हणतो, पावसाने लाकूड फुगलं. मग रंधा मारतात, आणि हिवाळ्यात तिथूनच गार वारा येतो. लाकूड फुगतं हे खरं, पण सागवान त्यातल्या त्यात कमी. आपला जिल्हा सागाचा, टिपेश्वरचं जंगल तुम्ही पाहिलं असेल. पल्ला सागाचा असेल तर आधी वरची बिजागरी बघा, रंधा नंतर.

खरा घोटाळा स्क्रूचा आहे. घाईत तो हातोडीने ठोकतात. मग लाकडाचे रेषे तुटतात, भोक सैल होतं, आणि त्याच भोकात नवीन बिजागरी बसवली तरी महिन्याभरात ती हलते. भोकात फेव्हिकॉल लावून सागाची बारीक खुंटी ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, बारीक ड्रिल मारून मग स्क्रू पिळावा. बिजागरी जुन्याच मापाची घ्यावी, म्हणजे खाच परत कोरावी लागत नाही. एका वेळी एकच काढायची आणि पल्ला धरायला एक मित्र हवाच. वरच्या मजल्यावर बाहेर उघडणारी खिडकी असेल तर हिरोगिरी नको, सुतारकाकांनाच बोलवा. लोखंडी खिडक्यांच्या बिजागऱ्या वेल्ड केलेल्या असतात, ते काम वेगळं.

फर्स्ट इयरला कारपेंट्रीत आपण हाफ लॅप जॉइंट करतो. सर सही करतात, जॉइंट भंगारात जातो. त्याऐवजी जुन्या चौकटीवर बिजागरी बसवायला का शिकवू नये? हात बसला की खालच्या मजल्याच्या खिडक्या इन्स्ट्रक्टरसमोर दुरुस्त करू द्या. काही सर म्हणतील, सिलॅबसमध्ये नाही. जॉब बदलायला सिलॅबस कशाला बदलायला हवा? पटाशी तीच, लाकूड तेच. फक्त मार्क देताना सरांनी पल्ला उघडून बघावा.